तीस तारखेच्या आत

जांभूळमाळ, जि. सातारा
९ जून १९४५

प्रिय प्रमो,

खुशाली मागाहून. आधी हे सांग, माझा अर्ज तुझ्या कॉलेजात पोचला का? रजिस्टर करून धाडलाय, पण पोचपावतीचा पत्ता नाही. आमच्याकडं पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो, तोही मनात आलं तर.

मॅट्रिकला गणितात मी वर्गात पहिली आणि तू सहावी, हे तुला विसरू द्यायचं नाही म्हणून लिहिते. तरी तुझा प्रवेश पक्का, कारण तू सांगलीत आत्याच्या घरी राहतेस. परगावच्या मुलीला वसतिगृहात खाट मिळाली तरच कॉलेजात जागा. आणि खाटा किती, तर अठरा. अख्ख्या जिल्ह्याच्या मुलींनी अठरा खाटांवर शिकायचं! राग आला म्हणून लिहिलं, तुझ्यावर नाही.

घरी अजून कुणी काही बोलत नाही. आबा पलटणीतून हवालदार होऊन आलेले, ते हुकूम सोडल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत, पण माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की मिशीला हात लावतात आणि उठून बाहेर जातात. आईला वाटतं, मॅट्रिक झाली तेवढं रगड झालं. माझ्या बाजूनं एकटा नाथादादा, आणि तो ब्रह्मदेशात लढाईवर. एप्रिलात त्याचं पत्र आलं होतं, 'राहीला पुढं शिकवा. आडवं कोन येतंय ते मी आल्यावर बघतो.' त्यानंतर पत्र नाही. रंगूवहिनी ते जुनंच पत्र माझ्याकडून आठवड्याला एकदा वाचून घेते.

तू रोज कॉलेजच्या वाटेनं जाशील तेव्हा नोटीसबोर्डावर माझं नाव शोध. मी देव पाण्यात घालून बसले आहे.

तुझी
राही

*

सांगली
१४ जून १९४५

प्रिय राही,

बाईसाहेब, अर्ज पोचला. कारकुनांनी रजिस्टर उघडून तुझी सही दाखवली, तीच ती कोंबडीच्या पायांची.

आता वाईट बातमी आधी. काल वसतिगृहाची यादी लागली. मी वरून खाली आणि खालून वर वाचली, अठरात तुझं नाव नाही. थांब, लगेच डोळे पुसू नकोस. तिच्या खाली आणखी एक छोटी यादी आहे, तिला वेटिंग लिस्ट म्हणतात. वरच्या कुणी आल्या नाहीत तर खालच्यांना क्रमानं बोलावतात. तिच्यात तू तिसरी. वर्गात पहिली आणि इथं तिसरी, जरा तोरा उतरला असेल तर बरंच आहे!

मी कारकुनांना विचारलं, वरच्या मुली न यायला काय होतं? म्हणाले, 'ताई, दर साली तीन-चार गळतातच. कुणाचं लग्न ठरतं, कुणाला घरचे पाठवत नाहीत.' म्हणजे बघ, तिघींची लग्नं ठरली की तुझं काम झालं. आत्या म्हणाली, ज्येष्ठ संपेपर्यंत मुहूर्तांना तोटा नाही. तेव्हापासून मी रोज गणपतीला सांगते, बाप्पा, वरच्या अठरातल्या तिघींना चांगलेसे नवरे दे.

हसलीस ना? नक्की हसलीस.

तुझीच
प्रमोदिनी

*

जांभूळमाळ
१८ जून १९४५

प्रिय प्रमो,

तुझा गणपती ऐकतो बरं का. फक्त पत्ता चुकला त्याचा. नवरा मला धाडलाय.

परवा दहिवडीकडचे पाहुणे आले. मुलाचं नाव कृष्णात, मुंबईला गोदीत आहे, दहा जुलैपर्यंत रजेवर. माणूस वाईट नाही. मला चालून दाखवायला सांगितलं तेव्हा त्यानं खाली मान घातली, एवढं मी पाहिलं. त्याच्या चुलत्यानं विचारलं, 'पोरगी लिवती-वाचती म्हनं, मग सुनंचं काम करंल का?' आई म्हणाली, 'करंल की, हात काय शाळंत ठिवून आली न्हाई.' सगळे हसले. मी आत गेले आणि पाण्याची कळशी इतक्या जोरात ठेवली की पोचा पडला.

रात्री जेवणं झाल्यावर मी आबांपुढं उभी राहिले. तिसरा नंबर, वेटिंग लिस्ट, सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'हे बघ राहू. तीस तारखंपतुर तुज्या कॉलेजाची वाट बघायची. जागा आली तर पावन्यांना मी हात जोडून सांगीन, मुलगी शिकनार हाय, पुढच्या साली बघू. न्हाई आली तर दोन तारखंचा मुहूर्त धरायचा, मग रडायचं न्हाई. हवालदाराचा शब्द हाय.' प्रमो, आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा शब्द दिला म्हणून दुखत्या पायानं साताऱ्याला चालत गेलेला माणूस आहे तो.

तेव्हा आता बारा दिवस आणि तीन नंबर.

गावाचं म्हणशील तर गाव भेदरून आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या शालूकाकूंकडं तार आली. त्यांचा कोंडीबा दादाच्याच पलटणीत होता. आता दुपारी सायकलची घंटा वाजली की बाया दारं लावून घेतात. आमच्याकडं घरटी एक माणूस लढाईवर, त्यामुळं तार म्हणजे मयताचा कागद. दुसरं काहीच तारेनं येत नाही इथं.

एक विचारू का? राग मानू नकोस. आत्याच्या माडीवर एक खोली रिकामी आहे असं तू म्हणाली होतीस. खाट मोकळी होईपर्यंत महिनाभर तिथं राहिले तर? सांगलीतला पत्ता असला की लगेच प्रवेश मिळतो ना? मी पडेल ते काम करीन, कुणाच्या अध्यात मध्यात येणार नाही. आत्यांना विचारून बघ.

तुझी
राही

*

सांगली
२२ जून १९४५

प्रिय राही,

एक विकेट पडली! कऱ्हाडची एक मुलगी येत नाही, साखरपुडा झाला तिचा. तू आता दुसरी. मी कारकुनांच्या टेबलापाशी रोज जाते, ते मला बघितलं की चष्मा कपाळावर नेतात आणि मान हलवतात. आज मान उभी हलली म्हणून मी तिथंच टाळी वाजवली. अजून एक मिरजेची आहे, तिचे वडील कागदावर सही करायला आलेलेच नाहीत. ती गळली की तू पहिली, आणि मग एकच खाट राहिली.

कॉलेज सुरू झालं. गणिताचे प्रोफेसर फळ्याकडं तोंड करून बोलतात, मला ओ की ठो कळत नाही. तू शेजारी हवीस. मी शेजारची जागा धरून ठेवते, कुणी बसायला आलं की सांगते, हिची मालकीण यायची आहे.

आबांनी शब्द दिला म्हणजे निम्मं काम झालं. आता काळजी करू नकोस. इथं आत्याची वटपौर्णिमेची गडबड चालली आहे, घरात कुणाला कुणाशी बोलायला सवड नाही.

यादी हलली की तुला कळवायला मी घटकाभरही उशीर करणार नाही. तुमच्या त्या मनाला येईल तेव्हा येणाऱ्या पोस्टमनवर तर मुळीच विसंबणार नाही. तू बोचकं बांधून ठेव.

तुझीच
प्रमोदिनी

*

जांभूळमाळ
२५ जून १९४५

प्रिय प्रमो,

आत्यांचं तू काहीच लिहिलं नाहीस. समजले. पुन्हा विचारणार नाही.

आज पौर्णिमा. वहिनी उपाशीपोटी वडाला गेली आणि दोरा गुंडाळताना दादाचं नाव घेऊन इतकी रडली की बाकीच्या बायांची पूजा राहिली. परवा मुहूर्तमेढ रोवणार. आबा म्हणतात, तयारी करून ठेवायला काय जातंय, मांडव काय उतरवताबी येतोय. रोज संध्याकाळी मला विचारतात, 'आलं का पत्र?' मी नाही म्हटलं की माझ्याआधी तेच खाली बघतात. तिसाला ते स्वतः पोस्टात जाऊन बसणार आहेत.

बोचकं बांधलेलं आहे. सोडायची माझ्यात हिंमत नाही.

राही

*

सांगली
४ जुलै १९४५

राही,

प्रिय वगैरे लिहायची इच्छा नाही.

सत्तावीस तारखेला दोघी एकदम गळल्या. कारकुनांनी मला वर्गातून बोलावून सांगितलं, 'तुमच्या मैत्रिणीला जागा मिळाली, तीस तारखेच्या आत हजर व्हायला सांगा, कॉलेजचं पत्र जाईल पण ते पोचायला उशीर लागेल.' मी तशीच पोस्टात धावत गेले आणि तुला तार केली. आयुष्यात पहिल्यांदा केली. आनंदाच्या भरात फॉर्मवर शाई सांडली. एकोणतीसला मी दिवसभर मोटारस्टँडवर बसले. तिसालाही बसले. सातारची प्रत्येक गाडी पाहिली. पाच वाजता कारकून म्हणाले, 'ताई, नाइलाज आहे', आणि तुझी खाट चौथ्या नंबरच्या मुलीला दिली. ती आता माझ्या शेजारी बसते आणि तिला साधा गुणाकार येत नाही.

येता येत नव्हतं तर दोन ओळी लिहायच्या होत्यास. तार हातात पडूनही तू बोहल्यावर चढलीस ना? आबांनी शब्द दिला होता, मग अडलं कुठं? भित्री आहेस तू. साऱ्या वर्गाला शहाणपण शिकवत होतीस आणि स्वतःची वेळ आली तेव्हा शेपूट घातलीस.

आणि आत्याचं विचारलं होतंस ना? मग ऐक. मी विचारलं होतं. ती म्हणाली, राहू दे, पण माडीवर नाही, अंगणातल्या खोलीत. ताट-वाटी वेगळी, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी तिच्याशी भांडले, दोन दिवस जेवले नाही. तुला हे असलं लिहायची मला लाज वाटली. तुझ्यासाठी मी घरात वैर घेतलं आणि तू हे केलंस.

प्रमोदिनी

*

जांभूळमाळ
८ जुलै १९४५

प्रिय प्रमो,

तुझं पत्र मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा हातात पडलं. भित्री म्हणालीस. म्हण. आता तुझ्या तारेचं काय झालं ते ऐक.

अठ्ठावीसला दुपारी तारवाला आला. आबा दहिवडीकडं पाहुण्यांना भेटायला गेलेले. मी आत, नवरीनं उंबऱ्याबाहेर पडायचं नाही म्हणून. ओसरीवर आई एकटीच गहू निवडत होती. तिनं तार घेतली, अंगठा दिला, तारवाल्याला गूळपाणी दिलं आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, 'बाबा, दोन तारीख हुईपतुर कुनाजवळ बोलू नगं.' त्यानं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. लढाई सुरू झाल्यापासून त्याला हे पाठ आहे. मयताचा कागद वाचला की सुतक. सुतक लागलं की मुहूर्त गेला, पुढं आषाढ, मग चार महिने लग्न नाही, पाहुण्याची रजा संपली आणि सोयरीक मोडली. म्हणून कार्य असलेल्या घरात तार आली तर ती उघडत नाहीत. जे वाचलं नाही त्याचं सुतक लागत नाही. आईनं ती ज्वारीच्या कणगीत पार तळाला घातली आणि पुन्हा गहू निवडायला बसली.

मग चार दिवस तिनं माझं लग्न केलं. दादा मेला असं समजून केलं, प्रमो. हळदीचं गाणं म्हणताना तिचा आवाज फुटला, मला वाटलं माझ्यासाठी. मी मनात चिडले, एवढं वाटतंय तर थांबव की लग्न! कासार आला तेव्हा तिनं माझ्याआधी रंगूवहिनीला पुढं बसवलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरायला लावले. कासार म्हणाला, 'आवं, नवरी ही का ती?' आई म्हणाली, 'भर बाबा, भर. घालू दे तिला.' वहिनी लाजली. वहिनीला काय ठाऊक, सासू तिला शेवटच्या बांगड्या भरतेय.

तिसाला आबा सकाळी भाकरी बांधून पोस्टात गेले. पत्र आहे का, पत्र आहे का, करत संध्याकाळपर्यंत बसले. कॉलेजचं पत्र अजून आलेलं नाही, बहुतेक आता येईल. अंधार पडता आले, पागोटं काढून खुंटीला लावलं आणि म्हणाले, 'राहू, न्हाई आलं गं.' त्यांचं तोंड बघून मीच म्हटलं, असू दे आबा. आई तिथंच होती, कणगीला पाठ लावून बसलेली. तिनं ऐकलं सगळं. पण तिच्या लेखी ती तार पोराची होती, माझी असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

काल मांडव उतरला. शेवटचा डहाळा बाहेर गेला आणि आईनं कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तो लिफाफा काढला. 'आता वाच बाई. इंग्रजी घरात तुलाच येतंय.' वहिनीनं लिफाफा बघितला आणि ती मटकन खाली बसली. शालूकाकू धावत आल्या, आणखी चार बाया आल्या. आबा ताठ उभे राहिले, पलटणीत उभे राहत असतील तसे. मी फोडला. इंग्रजीत चार-पाच शब्द. जागा मिळाली, तीस तारखेच्या आत ये, प्रमोदिनी.

सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मी म्हटलं, 'दादाची न्हाई. दादा बरा हाय.'

मग काय विचारतेस! आई हसते काय, रडते काय, जमिनीवर डोकं आपटते काय. वहिनीनं माझे पाय धरले, मी नको नको म्हणतेय तरी सोडीना. शालूकाकूंनी स्वतःच्या घरातला गूळ आणून वाटला, ज्यांचा पोरगा खरंच गेला त्यांनी. घरात दिवाळी झाली. मीही हसले. मला आनंद झाला गं, खोटं का बोलू, दादा माझाही आहे. पण त्या आनंदात मला कुणी विचारलंच नाही, की मग तारेत होतं तरी काय.

आबांनी विचारलं, दिवेलागणीला. मी सांगितलं, मैत्रिणीनं लग्नाच्या शुभेच्छा धाडल्यात. आबा म्हणाले, 'तारनं? शहाणीच हाय म्हनायची! म्हातारीचा जीव गेला असता की.' आणि खदखदून हसले. त्यांना इतकं हसताना मी वर्षात बघितलं नव्हतं. मी तार घेऊन चुलीकडं गेले, तर आईनं मधेच माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, 'जाळतीस काय, अवलक्षणी!'

खरं सांगितलं असतं तर? आबा आईकडं बघतील. जन्मात एकदा पोरीला शब्द दिला आणि तो बायकोनं कणगीत घातला, हे त्यांना कळलं तर ते पुन्हा तिच्या हातचं पाणी पिणार नाहीत. आणि आईला काय सांगू? मेलेला पोरगा पोटात ठेवून तिनं माझ्या लग्नाच्या पुरणपोळ्या केल्या. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की आई, तो मेलाच नव्हता, तू मला पुरलंस?

राग तुझ्यावर निघतो. तुला मी लिहिलं होतं, आमच्याकडं तार म्हणजे काय. स्पष्ट लिहिलं होतं. तू वाचलंस की नुसते नंबर मोजलेस? एक पोस्टकार्ड टाकलं असतंस तर तिसाला ते आबांच्या हातात पडलं असतं, निदान लग्न तरी टळलं असतं. आणि आत्यांचं ताट! मी जेवले असते गं वेगळ्या ताटात. अंगणात काय, गोठ्यात राहिले असते. लाज तुला वाटली आणि खाट माझी गेली. निदान मला विचारायचं तरी होतंस.

एक सांगते आणि थांबते. काल रात्री मनात आलं, तार दादाची असती तर मला रडता तरी आलं असतं. असं मनात आलं, आणि मी उठून स्वतःच्या तोंडात मारून घेतली. इतकी वाईट मी नव्हते.

उद्या सासरी जाते. हे दहाला मुंबईला जातील, मी सासूजवळ. पत्र लिहू नकोस. आणि आमच्या घरी कधी कुणी विचारलं तर तू शुभेच्छाच धाडल्या होत्यास.

राही

*

जांभूळमाळ
२२ जुलै १९४५

चि. प्रमोदिनीताई यांस आशीर्वाद.

मी राहीचा बाप, पेन्शनर हवालदार. राहीच्या जुन्या वहीत तुमचा पत्ता सापडला म्हणून माझ्या हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घ्यावं.

तुमची लग्नाच्या शुभेच्छांची तार पोचली, त्याबद्दल आभारी हाय. तुमी शहरातली माणसं, आमच्याकडची रीत तुमाला ठाऊक न्हाई, म्हणून रागावलो न्हाई. उलट त्या तारेनं आमच्या घरावर लय उपकार झाले. राहीच्या आईनं तिचा भलताच अर्थ धरला होता. उघडल्यावर घरात जीव आला.

राही सासरी सुखात हाय. पावणे चांगले हायत. ती जाताना रडली न्हाई, याचं मला नवल वाटलं. तिला जागा मिळाली असती तर मी लग्न मोडलं असतं, हे तुमाला म्हणून सांगतो. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं तरी मोडलं असतं. तीस तारखेला मी पोस्टात दिवसभर बसलो. परवा कॉलेजाचं एक इंग्रजी पाकीट आलं, पण तारीख होऊन गेल्यावर आलेलं, नकाराचंच असणार म्हणून मी न फोडता ठिवून दिलं. पोरीला पुन्हा कशाला दुखवायचं. तुमच्या कॉलेजानं अठरा पोरींत माझी एक बसवली न्हाई, एवढा सल मात्र राहील. तुमी तरी चांगलं शिका.

काल नाथाजीचं पत्र आलं. खुशाल हाय, लढाई संपत आली म्हणतो, दिवाळीच्या आत रजा मिळंल. पयल्याच वळीला इचारलंय, राहीला जागा मिळाली का. मी त्याला कळवलं, कॉलेजानं दिली न्हाई, आपण आपला शब्द पाळला.

तुमची तार राहीच्या आईनं देव्हाऱ्यात ठिवलीया. रोज हळदकुंकू वाहती. पोराची खुशाली आणलेला कागद हाय म्हणती. नाथाजीला पलटणीत इंग्रजी वाचायला शिकवलंय, तो आला की त्याच्याकडनं ती सगळ्या आळीला मोठ्यानं वाचून दाखवायची, असं तिनं ठरवलंय.

आपला,
आबा